वाचक विचारतात : ‘मेलेली’ चिप बहुतेक वेळा झोपलेली असते

गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये वीजपुरवठा, संदेशांच्या तारा आणि मायक्रोकंट्रोलरवरची देखरेख एकत्र सांभाळणाऱ्या सिस्टिम बेसिस चिपबद्दल (पुढे नुसते ‘एसबीसी’) वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यात वर्कशॉपमधले कारागीर आहेत, डिप्लोमाचे विद्यार्थी आहेत, चाकण-पिंपरीकडचे डिझाइन करणारेही आहेत. सगळ्यांचा सूर साधारण एकच, ही चिप मध्येच वीज तोडते, रिसेट मारते, सांगूनही झोपत नाही. पत्रे वाचताना आम्हाला मात्र बहुतेक ठिकाणी चिप आपले काम चोख करताना दिसली. दोष दुसरीकडेच होता. निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहोत.

प्रश्न : बॉडी कंट्रोल युनिटची कार्डे दुरुस्तीला येतात. कार्डात १२ व्होल्ट जातात, पण मायक्रोकंट्रोलरला ५ व्होल्ट मिळत नाहीत. तीन पायांचा रेग्युलेटर शोधला, कुठेच नाही. कनेक्टरजवळ ४८ पिनांची एक चौकोनी चिप आहे. ती बदलू का? (इलेक्ट्रिशियन, कोल्हापूर)

उत्तर : लगेच नको. ती चौकोनी चिप म्हणजेच एसबीसी. पूर्वी कार्डावर रेग्युलेटर, कॅनचा ट्रान्सीव्हर, लिनचा ट्रान्सीव्हर (कॅन आणि लिन म्हणजे कार्डांनी एकमेकांशी बोलायच्या तारा, ट्रान्सीव्हर त्यांवर संदेश पाठवतो-घेतो), वॉचडॉग (मायक्रोकंट्रोलर वेळेवर उत्तर देतो का हे बघणारा पहारेकरी) आणि रिसेटची चिप अशी चार-पाच निरनिराळी मंडळी बसत. आता ती एकाच घरात नांदतात. मायक्रोकंट्रोलर तिच्याशी एसपीआयच्या चार तारांनी बोलतो. त्यामुळे ‘५ व्होल्ट नाहीत’ याचा अर्थ रेग्युलेटर जळाला असाच होत नाही. चिपने ते ५ व्होल्ट मुद्दाम बंद केलेले असू शकतात.

आधी वीज न लावता ५ व्होल्टची लाइन आणि अर्थ यांमधला रोध मोजा. तो काही ओहमवर आला तर चिपकडे बघूच नका, आधी त्या लाइनवरचे सिरॅमिक कपॅसिटर बघा. कार्ड वाकले, स्क्रू आवळून बसवले की ते आतून तडकतात आणि शॉर्ट होतात. बाहेरून काही दिसत नाही. शॉर्ट दिसला की चिप आउटपुट तोडते, तिला तेच शिकवलेले आहे.

शॉर्ट नसेल तर बेंच सप्लाय १३.५ व्होल्टवर ठेवा, करंटची मर्यादा अर्धा ॲम्पिअर. चिपच्या सप्लाय पिनवर १३ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. नसतील तर उलट बॅटरीपासून वाचवणारा डायोड किंवा मॉस्फेट गेला आहे. असतील तर ५ व्होल्टच्या लाइनवर मल्टीमीटर नव्हे, ऑसिलोस्कोप लावा. मल्टीमीटर सरासरी दाखवतो आणि फसवतो. व्होल्टेज चढून लगेच पडत असेल, तर भार जास्त आहे किंवा चिप तापून बंद होते आहे. ५ व्होल्ट स्थिर आहेत पण रिसेटची पिन ठरावीक अंतराने खाली जाते, तर मायक्रोकंट्रोलर वॉचडॉगला उत्तर देत नाही. मग दोष मायक्रोकंट्रोलरमध्ये, त्याच्या क्रिस्टलमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये. ५ व्होल्ट अजिबात चढत नसतील, तर चिप झोपेत किंवा फेल-सेफमध्ये (दोष दिसल्यावरच्या सुरक्षित अवस्थेत) असू शकते. सप्लाय पूर्ण काढा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या, पुन्हा लावा. बॅटरी नव्याने लागली की एसबीसी जागेपणीच सुरू होते. तेव्हाही व्होल्टेज चढले नाही, तरच ती बदलायचा विचार करा.

बदलताना दुसऱ्या कार्डावरून काढलेली चिप वापरणार असाल तर शेवटचे अक्षरसुद्धा जुळवा. एकाच कुळात ५ व्होल्टची आणि ३.३ व्होल्टची आवृत्ती असते. ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवर ५ व्होल्टची चिप बसली, की दुरुस्तीऐवजी दोन चिपांचा खर्च. शिवाय पोटाखालचा मोठा पॅड नीट सोल्डर झालाच पाहिजे, उष्णता तिथूनच बाहेर पडते. नुसत्या हॉट एअरने तो पूर्ण वितळत नाही. खालून प्रीहीटर हवा.

प्रश्न : आमच्या बोर्डवर एसबीसीच्या आतला लिनिअर रेग्युलेटर ५ व्होल्ट, १५० मिलिॲम्पिअर देतो. डेटाशीटमध्ये मर्यादा २५० मिलिॲम्पिअर आहे. तरी ८५ अंशांच्या ओव्हनमध्ये चिप मधूनच बंद पडते. (डिझाइन इंजिनिअर, पिंपरी)

उत्तर : २५० हा करंटचा आकडा आहे, उष्णतेचा नाही. लिनिअर रेग्युलेटर उरलेले व्होल्टेज जाळून टाकतो. १३.५ वजा ५ म्हणजे ८.५ व्होल्ट, गुणिले ०.१५ ॲम्पिअर, म्हणजे सुमारे १.२८ वॅट. तुमच्या बोर्डावर चिपपासून हवेपर्यंतचा औष्णिक रोध वॅटमागे ३५ अंश धरला, तर सिलिकॉन ४५ अंशांनी वर जाते, म्हणजे १३० अंश. इथवर ठीक. ओव्हनमध्ये सप्लाय १६ व्होल्टवर असेल तर १.६५ वॅट होतात आणि तापमान १४३. यात कॅन ट्रान्सीव्हरची आणि हाय-साइड स्विचांची (बॅटरीच्या बाजूने वीज चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचांची) उष्णता अजून धरलेलीच नाही. १५० अंश ही बहुतेकांची कामाची वरची मर्यादा असते. तुम्ही तिच्या उंबऱ्यावर उभे आहात.

वॅटमागे ३५ अंश हा आकडासुद्धा चार थरांच्या, आत पूर्ण तांब्याचे थर असलेल्या चाचणी-बोर्डावर मिळतो. दोन थरांच्या स्वस्त बोर्डावर तो दुप्पटही होऊ शकतो. पॅडखाली ०.३ मिलिमीटरच्या व्हियांची (बोर्डाच्या थरांना जोडणाऱ्या तांब्याच्या छिद्रांची) जाळी घाला आणि त्या खालच्या अर्थच्या पसरट तांब्यात उतरवा. व्हिया भरलेल्या नसतील तर सोल्डर त्यातून खाली निसटते आणि पॅडखाली पोकळ्या राहतात. एक्स-रेमध्ये हे स्पष्ट दिसते.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. ‘३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर घेतला म्हणजे गरम कमी होईल.’ लिनिअर रेग्युलेटरमध्ये उलटे होते. करंट तोच राहिला तर १०.२ गुणिले ०.१५, म्हणजे १.५३ वॅट. उष्णता वाढली!

खरे उपाय दोन. काही एसबीसींना बाहेर पीएनपी ट्रान्झिस्टर जोडता येतो. उष्णता तेवढीच राहते, पण दोन जागी वाटली जाते. दुसरा उपाय बक कन्व्हर्टर (व्होल्टेज जाळून नव्हे, झपाट्याने चालू-बंद करून उतरवणारा) असलेली एसबीसी घेणे, उदाहरणार्थ इन्फिनिअनची टीएलई ९४७१. तुमच्या ०.७५ वॅटच्या आउटपुटला ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर तोटा ०.१३ वॅट, जवळजवळ दहावा हिस्सा. मोबदल्यात इंडक्टर येतो आणि रेडिओच्या पट्ट्यातला गोंगाट येतो. बकचा इनपुट कपॅसिटर आणि चिप यांचा फेरा बोर्डावर जितका लहान ठेवाल तितकी पुढे ईएमसीच्या (विद्युत गोंगाटाच्या) चाचणीत दमछाक कमी. आमच्या मते १०० मिलिॲम्पिअरच्या खाली लिनिअर बरा. त्याच्या वर हट्ट धरू नये.

आउटपुटच्या कपॅसिटरचीही खात्री करा. ४.७ मायक्रोफॅरडचा, ६.३ व्होल्टचा, छोट्या आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर ५ व्होल्ट लागल्यावर निम्म्यावर येऊ शकतो. डेटाशीट किमान ‘परिणामी’ कपॅसिटन्स मागते, छापील नव्हे. एक्स७आर प्रकार आणि १६ व्होल्टचे रेटिंग घ्या.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एसबीसी असलेला बोर्ड बनवला. कोऱ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम भरायला गेलो की मध्येच रिसेट होतो. डिबगरने ब्रेकपॉइंट लावला तरी तेच. (डिप्लोमा, तिसरे वर्ष, सांगली)

उत्तर : कोऱ्या मायक्रोकंट्रोलरला वॉचडॉगला उत्तर द्यायला कोणी शिकवलेलेच नाही. एसबीसी वाट बघते आणि रिसेट ओढते. इन्फिनिअनच्याच टीएलई ९२६१ च्या कुळात सुरुवातीला २०० मिलिसेकंदांची मोठी खिडकी मिळते. तेवढ्यात पहिला ट्रिगर आला नाही तर संपले. ब्रेकपॉइंटवर प्रोग्रॅम थांबतो, वॉचडॉग थांबत नाही.

यासाठीच डेव्हलपमेंट मोड असतो. टीएलई ९२६१ मध्ये ‘एफओ३/टेस्ट’ ही पिन वीज लावताना अर्थला धरून ठेवली की वॉचडॉग रिसेट देत नाही. या पिनला बोर्डावर एक जंपर द्याच. एनएक्सपीची यूजेए ११६९ कारखान्यातून ‘फोर्स्ड नॉर्मल’ मोडमध्येच येते, तिथे वॉचडॉग बंद असतो. पण आतल्या कायमस्वरूपी मेमरीत तुम्ही एकदा सेटिंग लिहून तो मोड काढलात, की पुढच्या वेळी कोरा मायक्रोकंट्रोलर लावून चालणार नाही. मग मूळ सेटिंग परत आणायला वीज लावताना रिसेटची पिन खाली, कॅन-हाय बॅटरीला आणि कॅन-लो अर्थला धरावी लागते. बोर्डावर टेस्ट पॉइंट नसतील तर हे तीन हातांचे काम आहे.

आता वॉचडॉगची खिडकी. ‘विंडो’ प्रकारात उशिरा दिलेले उत्तर जसे चूक, तसे लवकर दिलेलेही चूक. कारण प्रोग्रॅम एखाद्या छोट्या फेऱ्यात अडकून धडाधड ट्रिगर देत बसला तर तेही पकडले गेले पाहिजे. समजा कालावधी १२८ मिलिसेकंद आहे आणि खिडकी दुसऱ्या निम्म्यात उघडते. कागदावर ६४ ते १२८. चिपचे घड्याळ १० टक्के इकडे-तिकडे धरले, तर खिडकी उशिरात उशिरा ७०.४ ला उघडेल आणि लवकरात लवकर ११५.२ ला मिटेल. म्हणून ट्रिगर ९३ च्या आसपास द्या. ‘१२० ला देतो, चालते’ म्हणणाऱ्यांचे बोर्ड टेबलावर चालतात आणि उन्हात उभ्या गाडीत रिसेट होतात.

ट्रिगर टायमरच्या इंटरप्टमध्ये टाकू नका. मुख्य प्रोग्रॅम लटकला तरी इंटरप्ट इमानेइतबारे चालू राहतो आणि वॉचडॉग आंधळा होतो. मुख्य फेऱ्यातली सगळी कामे झाल्याची खूण तपासा आणि मगच ट्रिगर द्या.

रिसेट कशामुळे झाला हे चिपलाच विचारता येते, आणि हे विद्यार्थी करत नाहीत. यूजेए ११६९ च्या मेन स्टेटस रजिस्टरमध्ये, म्हणजे पत्ता ३ वर, कारण लिहिलेले असते : बॅटरी नव्याने लागली, ट्रिगर लवकर आला, ट्रिगर आलाच नाही, व्होल्टेज पडले, चिप तापली, कोणी बाहेरून रिसेट ओढला. एसपीआयवर पहिल्या बाइटमध्ये सात बिटांचा पत्ता आणि शेवटी ‘फक्त वाचा’चा बिट जातो. म्हणून हेक्स ०७ पाठवा, पुढच्या बाइटमध्ये उत्तर येते. उत्तरात सगळे शून्य किंवा सगळे एक येत असतील तर एसपीआयचा मोड तपासा. या चिपा डेटा घड्याळाच्या उतरत्या कडेला वाचतात, म्हणजे मोड १ लागतो. बहुतेक सॉफ्टवेअर लायब्ररी मूळ मोड ० वर असतात. काही एसबीसी शेवटचा बिट आधी पाठवतात, तेही बघा.

प्रश्न : ग्राहकाची गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी नवी, अल्टरनेटर चांगला. एकेक फ्यूज काढून पाहिला तर गळती नाहीशी होते आणि परत लावल्यावरही येत नाही! (गॅरेजमालक, रत्नागिरी)

उत्तर : शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. फ्यूज काढून लावला की त्या कार्डावरची एसबीसी नव्याने सुरू होते आणि अडकलेली अवस्था पुसली जाते. म्हणजे शोधताना तुम्ही पुरावाच नष्ट करता.

फ्यूज जागेवर ठेवूनच मोजा. दरवाजाची कडी स्क्रू-ड्रायव्हरने ‘बंद’ करा, चावी गाडीपासून दूर ठेवा, अर्धा तास हात लावू नका. मग मल्टीमीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर टेकवा. १० ॲम्पिअरच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण ७-८ मिलिओहम असतो. म्हणून ०.३ मिलिव्होल्ट दिसले तर सुमारे ४० मिलिॲम्पिअर वाहत आहेत. झोपलेल्या कार्डाने मायक्रोॲम्पिअरमध्येच घेतले पाहिजे. डिझाइन करणारे एका कार्डाला साधारण १०० मायक्रोॲम्पिअरचे बजेट देतात. ते तुमच्या मीटरवर शून्यच दिसेल.

एक कार्ड जागे राहिले की कॅनवर संदेश टाकत राहते आणि बाकीच्यांनाही झोपू देत नाही. सगळे मिळून १२० मिलिॲम्पिअर घेत असतील तर दिवसाला २.९ ॲम्पिअर-तास जातात. ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत निम्मी. तुमचा आठवडा बरोबर जुळतो.

जागे का राहते? पहिला संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर घ्या. ओबीडी (तपासणीचे यंत्र जोडायच्या) सॉकेटला लावलेला ट्रॅकर, नंतर टाकलेला स्टिरिओ. ट्रॅकर कॅनवर प्रश्न विचारत राहिला तर प्रत्येक प्रश्नाला सगळी गाडी जागी होते.

दुसरा संशय, तुमच्याकडच्या हवेत विशेष, दरवाजाच्या स्विचचा. कनेक्टरमध्ये ओल गेली की वेक पिनवरचे (चिपला जागे करणाऱ्या पिनवरचे) व्होल्टेज मधल्यामध्ये लोंबकळते आणि चिपला दार उघड-मीट होतेय असे वाटते. नुसते पुसू नका, पिना बदला आणि सील नवे घाला. चांगल्या डिझाइनमध्ये या स्विचना सतत वीज देतच नाहीत. एसबीसी झोपेतल्या झोपेत दर २० मिलिसेकंदांनी १०० मायक्रोसेकंदांसाठी हाय-साइड स्विच चालू करते, स्विच बघते आणि पुन्हा बंद करते. स्विचच्या टोकांवरचा गंज फोडायला १० मिलिॲम्पिअर मिळतात, पण सरासरी खर्च फक्त ५० मायक्रोॲम्पिअर.

तिसरे कारण लिनची एकेरी तार. मास्टरच्या बाजूला तिला १ किलोओहमने बॅटरीला ओढलेले असते. वायपर किंवा आरशाकडे जाणारी ही तार कुठे चेपून बॉडीला लागली, तर १२ मिलिॲम्पिअर रात्रंदिवस जमिनीत. रोध गरम होतो एवढीच खूण. ज्या कार्डांत हा रोध एसबीसीच्या आयएनएच पिनवरून दिलेला असतो, तिथे झोपताना तो आपोआप सुटतो.

चौथे कारण सॉफ्टवेअरचे. मायक्रोकंट्रोलर ‘झोप’ म्हणतो, पण जागे होण्याची एखादी जुनी नोंद पुसलेली नसते किंवा जागे व्हायचा एकही मार्ग चालू ठेवलेला नसतो. अशा वेळी यूजेए ११६९ हुकूम पाळत नाही, रिसेट मारते आणि ‘बेकायदा झोपेचा आदेश’ अशी नोंद ठेवते. बरोबरच आहे, मार्ग न ठेवता ती झोपली असती तर बॅटरीची तार काढल्याशिवाय उठलीच नसती. गॅरेजमध्ये यावर एकच इलाज, कंपनीचे नवे सॉफ्टवेअर.

प्रश्न : सेल्फ मारला की डिस्प्ले विझून पुन्हा सुरू होतो. बॅटरी ठणठणीत आहे. (इलेक्ट्रॉनिक्सचे छंदी, नाशिक)

उत्तर : थंड इंजिनाला सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज काही मिलिसेकंद खोल जाते. आयएसओ १६७५०-२ मध्ये यासाठी पातळ्या आहेत. सौम्य पातळीत ८ व्होल्ट, त्याखाली ६, मग ४.५, आणि सर्वांत कडक पातळीत ३. आता ४.५ चा हिशेब करा. शॉटकी डायोडचे ०.४ गेले, रेग्युलेटरचे ०.३ गेले, हाती ३.८ व्होल्ट. रिसेटची पातळी ९० टक्क्यांवर, म्हणजे ४.५ व्होल्टवर असेल तर रिसेट ठरलेला. यूजेए ११६९ च्या ५ व्होल्टच्या आवृत्तीत ही पातळी ८०, ७० किंवा ६० टक्क्यांवर आणता येते. ७० टक्के म्हणजे ३.५, मग ३.८ ला तग धरते. मात्र मायक्रोकंट्रोलर ३.५ व्होल्टला चालतो का, हे त्याच्या डेटाशीटमध्ये आधी बघा. तो चालत नसताना पातळी खाली आणणे म्हणजे धोक्याची घंटा बांधून ठेवणे. तेवढा वेळ कॅन गप्प राहील, कारण ट्रान्सीव्हरला पुरेसे ५ व्होल्ट मिळत नाहीत. ३ व्होल्टलाही जागे राहायचे असेल तर बूस्ट असलेली एसबीसी लागते, दुसरा मार्ग नाही.

प्रश्न : कॅनच्या तारांवर गोंगाट आला तरी चिप जागी होईल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : सहसा नाही. आयएसओ ११८९८-२ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जागे होण्यासाठी डॉमिनंट, रिसेसिव्ह, पुन्हा डॉमिनंट (या कॅनच्या तारांच्या दोन अवस्था) असा नमुना लागतो. प्रत्येक टप्पा फिल्टरच्या वेळेपेक्षा लांब हवा आणि सगळा नमुना ठरलेल्या मुदतीत पूर्ण व्हायला हवा. एखादा झटका यात बसत नाही. पण खराब टर्मिनेशनमुळे (तारांच्या टोकांवरच्या रोधांतल्या दोषामुळे) उठणाऱ्या लाटा बसू शकतात. वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो मध्ये मोजा. ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोध गायब आहे, ४० आले तर कोणीतरी तिसरा जोडला आहे. ठरावीक संदेशालाच जागी होणारी चिप हवी असेल तर ‘पार्शियल नेटवर्किंग’ असलेली आवृत्ती घ्या. ती महाग असते.

प्रश्न : हीच एसबीसी २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये चालेल का? (वाहतूकदार, नवी मुंबई)

उत्तर : थेट नाही. १२ व्होल्टच्या गाड्यांसाठीच्या बहुतेक एसबीसींचा सप्लाय पिन ४० व्होल्ट सोसतो. कारमध्ये लोड डंप (चार्जिंग चालू असताना बॅटरी सुटली की अल्टरनेटरकडून येणारी उसळी) दाबून ३५ व्होल्टवर आणलेला असतो, म्हणून ते पुरते. ट्रकमध्ये इंजिन चालू असतानाच २८ व्होल्ट असतात, उसळीला जागाच उरत नाही. शिवाय २८ वजा ५ गुणिले ०.१५ म्हणजे ३.४५ वॅट, वरच्या पिंपरीच्या पत्रातल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट. एसबीसीच्या आधी बक लावून १२ व्होल्ट करता येतात, पण त्या बकने झोपेत किती करंट घेतला हे मोजा. पाच मिलिॲम्पिअर घेणारा बक एसबीसीने वाचवलेले सगळे खाऊन टाकतो.